चोर्ल्याच्या थंडीत गार पडलेली सीट: ड्रायव्हर सीटच्या हीटरचं एक प्रकरण

केस अशी. युरोपियन कंपनीची ऑटोमॅटिक डिझेल सेडान, मूळची दिल्लीची, आता पासिंग जीए-०४ म्हणजे आमच्या डिचोलीचं. पुढच्या दोन्ही सीटना हीटर आहे. पॅसेंजरची सीट व्यवस्थित तापते, ड्रायव्हरची तापत नाही. बटण दाबलं की तिन्ही दिवे लागतात, चार-पाच सेकंद राहतात आणि आपसूक विझतात, परत दाबलं की परत तेच. फ्यूज शाबूत. तक्रार एवढीच.

गोव्यात गरम सीट कोणाला पाहिजे हा प्रश्न पडणारच, माझ्या गाड्यांच्या वायरिंगच्या गॅरेजात कामाला असलेल्या पोराला पण पडला आणि तो तोंडावर हसला. मे महिन्यात तासभर उन्हात लावलेल्या गाडीत बसून बघा, सीट फुकटात तापलेली मिळते. ही चैन मुळात बर्फाच्या देशातली, १९६६ साली अमेरिकेत कॅडिलॅकने ऑप्शन म्हणून दिली आणि मग स्वीडनच्या साबने १९७२च्या मॉडेलपासून ड्रायव्हरला स्टँडर्ड दिली. दिल्लीच्या जानेवारीत पण तिचा उपयोग आहे. तिकडे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली, २०१८ला सुप्रीम कोर्टाने ती उचलून धरली, तेव्हापासून मुदत भरत आलेल्या चांगल्या चांगल्या गाड्या एनओसी घेऊन इकडे उतरायला लागल्या आणि त्यांच्याबरोबर गोव्यात कोणी मागितली नव्हती अशी बटणं पण आली. बहुतेक लोक ते बटण कधी दाबत पण नाहीत.

या गाडीचे मालक मात्र दाबतात. साखळीकडचे निवृत्त गुरुजी, मणक्याची गादी सरकलेली, डाव्या पायात सायटिका. लेक बेळगावला दिलेली, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी केरी, चोर्ला, कणकुंबी, जांबोटी असा घाट चढायचा आणि तो पण पहाटे, कारण उन्हं वर आली की ट्रकांच्या मागे अडकायला होतं. डिसेंबर-जानेवारीत घाटमाथ्यावर धुकं असतं, पुढे बेळगावपर्यंत चांगलीच थंडी वाजते. गाडी दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायची नाही, मुलाच्या पण नाही, म्हणजे चालू असलेल्या पॅसेंजर सीटचा त्यांना उपयोग शून्य. कमरेला शेक मिळाला की तो रस्ता सोसतो, नाही मिळाला तर बेळगावला पोचून लेकीच्या घरी तास-दोन तास आडवं पडावं लागतं. गुरुजींच्या दृष्टीने हा औषधपाण्याचा भाग होता, आणि मी पण तो तसाच धरला.

गुरुजींचा मुलगा सोबत होता. त्याचा उपाय तयार होता, "भाई, ते मॉड्यूल-बिड्यूल कशाला, बॅटरीवरून डायरेक्ट वायर टाका, डॅशबोर्डखाली एक स्विच द्या, पाहिजे तेव्हा चालू, नको तेव्हा बंद." हे आमच्या लाइनमध्ये रोज ऐकायला मिळतं आणि फॉग लॅम्पला चालतं पण. सीटला का चालत नाही ते पुढे येईल, कारण या केसचा सगळा गाभा तिथेच आहे.

आधी तपासणी. चालू असलेली पॅसेंजर सीट म्हणजे देवाने दिलेली उत्तरपत्रिका, तिच्याशी ताडून बघायचं. दिवे लागून विझतात याचा अर्थ बटण जिवंत आहे, मॉड्यूलला, म्हणजे सीट हीटर सांभाळणाऱ्या कंट्रोलच्या डब्याला, सप्लाय आहे, आणि मॉड्यूल करंट पाठवून बघतं, करंट गेला नाही असं त्याला दिसतं आणि ते माघार घेतं. स्कॅनर लावला तर त्याने पण तेच सांगितलं, ड्रायव्हर सीट हीटर, सर्किट ओपन, म्हणजे करंटची वाट कुठेतरी तुटलेली. कुठे ओपन ते स्कॅनर सांगत नाही, त्यासाठी गुडघे टेकून सीटखाली बघावं लागतं.

सीटखाली हात घालायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि चहा घेतला. चहा हौसेचा नाही. सीटच्या कुशीत साइड एअरबॅग आहे, त्याचा पिवळा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, हीटरच्या कपलरच्या शेजारीच बसतो, आणि एअरबॅगच्या सर्किटमध्ये बॅटरी काढल्यावर पण थोडा वेळ चार्ज राहतो. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये जेवढं थांबायला सांगितलंय तेवढं थांबायचं, घाई असेल तर दुप्पट. आणि त्या पिवळ्या कपलरला मीटरची पिन कधीही लावायची नाही, रेझिस्टन्स मोजायला तर नाहीच नाही, मीटर स्वतःचा करंट सोडतं. यूट्यूब बघून घरी सीट उघडणाऱ्यांनी बाकी काही नाही वाचलं तरी हे वाक्य वाचावं.

हीटरचा कपलर सोडवला आणि पहिली गोष्ट सापडली. आतल्या पिनांवर हिरवा कळंक चढलेला, एक पिन तर अर्धी खाल्लेली. खालचा कार्पेट हाताला कोरडा लागत होता पण त्याच्या पोटातला फोम दाबला की पाणी. पावसाचं पाणी नव्हतं, एसीचं होतं. गोव्यात एसी बारा महिने चालतो, हवेत दमटपणा इतका की कूलिंग कॉइलवरून पाण्याची धार लागते, ती बाहेर सोडणारी नळी पानं-धुळीने चोंदली की पाणी डॅशबोर्डच्या पोटातून आत उतरतं आणि गुपचूप सीटखाली सरकतं. दिल्लीत ही गाडी किती वर्षं राहिली असती तरी हे एवढं झालं नसतं. नळीला हवा मारून ती मोकळी केली, गाडीखाली डबकं झालं, गुरुजी म्हणाले, "एवढं पाणी घेऊन मी हिंडत होतो?"

इथे एक गोष्ट नीट सांगतो, कारण याच जागी लोक फसतात. असा कळंक चढलेल्या पिनेवर साधं मल्टिमीटर लावलं तर ते छान १२ व्होल्ट दाखवतं. मीटर करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे केसाएवढा जरी संपर्क असला तरी त्याला व्होल्टेज पूर्ण दिसतं. हीटरला सहा-साडेसहा अँपिअर लागतात, ते त्या केसातून जात नाहीत. म्हणून मी अशा ठिकाणी २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब दोन वायरी जोडून वापरतो. सीट जागेवर आणि पिवळा कपलर जोडलेलाच ठेवला, बॅटरी परत लावली, पोराने बटण दाबलं आणि बल्ब मरतुकडा लाल पेटला. मीटर १२ दाखवत होतं आणि बल्ब रडत होता. पिना कापून नव्या थिंबल, म्हणजे वायरीची धातूची टोकं, दाबून क्रिंप केल्या, कपलरचं घर बदललं, बल्ब लख्ख.

मुलगा खूश, म्हणाला झालं काम. झालं नव्हतं. कपलर जोडून बटण दाबलं तर दिवे परत विझले. सप्लायच्या बाजूचा दोष निघाला होता, हीटरच्या बाजूला बघितलंच नव्हतं. दोन दोष एकाच सीटमध्ये हे ऐकायला योगायोगासारखं वाटतं, पण जुन्या गाडीत असं असतंच, एक दोष आधीपासून निवांत बसलेला असतो आणि दुसरा आला की मालक गॅरेजात येतो.

बॅटरी पुन्हा काढली, तेवढाच वेळ पुन्हा थांबलो आणि मग हीटरचं पोट मोजायला घेतलं. या गाडीत बैठकीचं पॅड आणि पाठीचं पॅड सिरीजमध्ये आहेत, म्हणजे एकातून करंट निघून दुसऱ्यात जातो, त्यामुळे एक तुटलं की दोन्ही गार. पॅसेंजर बाजूला मोजलं तर दोन्ही मिळून २.१ ओहम. एवढा कमी आकडा मोजताना मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रेझिस्टन्स आधी बघून घ्यायचा, दोन टोकं एकमेकांना लावून, माझ्या मीटरचा ०.३ येतो तो वजा करायचा, नाहीतर २.४ वाचून उगाच डोकं खाजवत बसाल. २.१ ओहमवर साडेतेरा व्होल्टला साधारण साडेसहा अँपिअर, म्हणजे सत्त्याऐंशी वॉटच्या आसपास, हिशोब बसला. ड्रायव्हर बाजूला मीटर ओपन. मधला छोटा कपलर सोडवून पाठ वेगळी मोजली, १ ओहम, निरोगी. बैठक ओपन. तापमान बघणाऱ्या सेन्सरच्या दोन वायरी वेगळ्या असतात, त्या मोजल्या तर ७.८ किलोओहम. हा एनटीसी जातीचा सेन्सर २५ अंशाला १० किलोओहमचा, तापमान वाढलं की आकडा उतरतो, त्या दिवशी गॅरेजात ३१ अंश होतं, म्हणजे सेन्सर बरोबर बोलत होता.

मग सीट न फाडता तुटलेली जागा शोधायची एक युक्ती. मीटर बैठकीच्या वायरींना लावून ठेवलं आणि तळहाताने सीट थोडी थोडी दाबत गेलो, मधून, पुढून, मग कडेने. दाराच्या बाजूची जी उंच कड असते, जिच्यावरून आपण मांडी घसटत आत सरकतो, तिथे मागच्या कोपऱ्यापासून चार बोटं अलीकडे दाबलं आणि मीटरवर आकडा उडाला, १.६, ओपन, १.३, ओपन. हात काढला की ओपन. सापडली. पोराला पण दाबून बघायला लावलं, असं हाताने कळलेलं तो विसरणार नाही.

आता गुरुजींची गाडी तिथेच का तुटली? दोन कारणं. एक तर रोजची घसट, ती सगळ्यांचीच असते. दुसरं, दिल्लीत असताना कोणीतरी वरून जाड रेक्झिनचे सीटकव्हर चढवलेले होते. आपल्याकडे नवी गाडी शोरूममधून निघाली की देवळात जायच्या आधी सीटकव्हरवाल्याकडे जाते, त्यातलाच प्रकार. कव्हर घट्ट बसवायला कारागीर सीटवर गुडघा देऊन दोऱ्या ओढतो, आणि हीटरच्या सीटवर गुडघा हा शत्रू नंबर एक, सगळं वजन एका बशीएवढ्या जागेत येतं आणि आतली केसासारखी तार मोडते. पिशवी, पाण्याची घागर, लहान मूल उभं करणं, सगळं त्यातच आलं. शिवाय साइड एअरबॅग असलेल्या सीटला साधं बंद कव्हर घालणं मला अजिबात पटत नाही, एअरबॅगला फाटून बाहेर यायला शिवण मोकळी लागते. हे कव्हर तिथे आजवर का सहन केलं गेलं कोणास ठाऊक.

सीट बाहेर काढली. चार टॉर्क्स बोल्ट, खाली पट्टीवर धारदार कडा, हातमोजे घातलेले बरे. सीट बाहेर असताना आणि पिवळा कपलर सुटलेला असताना इग्निशन ऑन करायचं नाही, नाहीतर एअरबॅगचा दिवा कायमचा पेटून बसतो आणि मग तो स्कॅनरनेच जातो. सीट टेबलावर घेतल्यावर पुढचं काम माझं नाही, कुशनवाल्याचं. माझ्या शेजारीच एक म्हातारा कुशनवाला बसतो, कदंबा बसच्या सीटा शिवण्यात आयुष्य गेलं त्याचं. कातडं फोमला धरून ठेवणाऱ्या रिंगा असतात, खोबणीतल्या तारेला अडकवलेल्या, त्या त्याने पक्कडने कुटकुट करून कापल्या आणि कव्हर असं सोललं की एक टाका उसवला नाही. त्याने खोबण दाखवली आणि म्हणाला, "दिल्लीत कोणीतरी आधी उघडलीय, रिंगा कंपनीच्या नाहीत." म्हणजे गाडीने आमच्यापासून काहीतरी लपवलेलं होतं.

पॅड म्हणजे पातळ पांढरं फ्लीस, त्यावर नागमोडी शिवलेली बारीक तार. मी दाबलेल्या जागी बोटाच्या पेराएवढा तपकिरी डाग. तार तिथे तुटलेली आणि टोकं काळी. थोडं पलीकडे अजून एक जागा, तिथे तार अखंड पण फ्लीस पिवळसर. आणि दोन्हींच्या मध्ये जुन्या झाळणाचा एक गोळा, मटारएवढा, कडक.

तो गोळा बघितला आणि सगळी गोष्ट लागली. ही तार म्हणजे कितीतरी बारीक तारांचा पीळ असतो. त्यातल्या काही तुटल्या की उरलेल्यांवर सगळा करंट येतो, त्या जागचा रेझिस्टन्स वाढतो, आणि सिरीज सर्किटमध्ये जिथे रेझिस्टन्स जास्त तिथेच उष्णता जास्त. म्हणजे अख्खी सीट कोमट आणि एक ठिपका चटका देणारा. सेन्सर बसलेला असतो बैठकीच्या मधोमध, त्याला कडेच्या ठिपक्याचा पत्ताच नसतो, तो बिचारा मधलं तापमान बघून म्हणतो अजून गरम कर. दिल्लीत एकदा तार तुटली, कोणीतरी उघडून झाळली, झाळण पिळात झिरपून तार तिथे ताठ झाली, आणि ताठ तार रोजच्या बसण्या-उठण्यात झाळणाच्या कडेलाच मोडायला लागली. थोडी मोडली, ठिपका तापला, फ्लीस करपलं, शेवटी पूर्ण तुटली. तुटली म्हणून गुरुजींची सीट गार पडली, आणि माझं स्पष्ट मत आहे की ती तुटली हे गुरुजींचं नशीब.

का, तर गुरुजींना डायबिटीस आहे. गोव्यात हे सांगायला लागू नये, आयसीएमआरच्या इंडिआब या देशभरच्या डायबिटीसच्या अभ्यासात, जो २०२३ला प्रसिद्ध झाला, त्यात सगळ्या राज्यांत गोवा पहिला, २६.४ टक्के, देशाची सरासरी ११.४ असताना. म्हणजे माझ्या दारात येणाऱ्या दर चार मोठ्या माणसांत एकाला असणार असं धरूनच मी चालतो. आणि गुरुजींच्या डाव्या मांडीच्या मागच्या बाजूला सायटिकाने बधिरपणा, चिमटा काढला तर उशिरा कळतो, हे त्यांनी स्वतः सांगितलं. ज्याला चटका कळतो तो बटण बंद करतो, कळत नाही तो बसून राहतो. अमेरिकेत सीट हीटरने लोक भाजल्याची प्रकरणं झालीत, त्यात कमरेखाली संवेदना नसलेले लोक आहेत, कमरेखाली लकवा झालेले, डायबिटीसचे. भाजायला उकळतं पाणी लागत नाही. १९४७ सालचं जुनं संशोधन आहे, ४४ अंशाला कातडी सहाएक तास टेकून राहिली तरी भाजते, ४९ला तेच काम दहा-पंधरा मिनिटांत होतं. साखळी ते बेळगाव धुक्यात दोन तास तरी धरा.

आता मुलाच्या डायरेक्ट वायरीचा हिशोब करा. मॉड्यूल नाही, सेन्सर नाही, सत्त्याऐंशी वॉट अखंड, वरून माणसाचं वजन आणि कातडं, उष्णता जायला जागा नाही. तापमान चढत राहणार आणि थांबवणारं कोणी नाही, फक्त एक स्विच, तो पण ज्याची मांडी बधिर आहे त्याच्या हातात. फ्यूज वाचवेल म्हणाल तर नाही, फ्यूज जास्त करंटला उडतो, इथे करंट बरोबरच आहे, वेळ चुकीची आहे. सीट तापवायला काय, दोन वायरी पुरतात. ती वेळेवर थांबवायची हे खरं काम, कंपनीने पैसे त्याचेच घेतलेले असतात. मुलाला पॅडवरचा करपलेला डाग दाखवला, त्याने बोट फिरवून बघितलं आणि परत डायरेक्टचं नाव काढलं नाही.

पर्याय समोर होते ते सगळे गुरुजींना सांगितले. तार जोडून द्यायची, अगदी स्वस्तात. सुटी कार्बनची रेडिमेड पॅडं मिळतात, मापात कापून बसवायची, सोबत दोन लेव्हलचं बटण येतं. किंवा कंपनीचं त्याच सीटचं नवं एलिमेंट, म्हणजे तार शिवलेलं तापणारं पॅड. किंवा पूर्ण सीटचं असेंब्ली, त्याचा भाव मी फोनवर विचारला आणि स्पीकर चालू होता, तेव्हा तो पर्याय आपोआप बाद झाला.

तार जोडायला मी तयार असतो, पण कुठे ते महत्त्वाचं. पॅडच्या बाहेर, सीटखाली लोंबणाऱ्या वायरीत तुटली असेल तर क्रिंप करून, वर गोंदवाली नळी गरम करून आटवून, बिनधास्त देतो. माणूस जिथे बसतो त्या भागात नाही. आणि जिथे फ्लीस करपलंय तिथे तर कधीच नाही, कारण डोळ्यांना एक डाग दिसतो पण आतून तार किती लांबपर्यंत शिजलीय ते कळायला मार्ग नाही. या सीटवर तो प्रयोग आधी कोणीतरी करून झालेलाच होता. कार्बनची पॅडं मला वाईट वाटत नाहीत, ज्या गाडीला मुळात हीटर नाही तिथे मी बसवलेली आहेत, पण त्यांचा थर्मोस्टॅट वेगळा, गाडीचं मॉड्यूल त्याला ओळखत नाही, मग एक सीट कंपनीच्या हिशोबाने आणि दुसरी पार्सलमधल्या बटणाच्या हिशोबाने. या माणसाला ते द्यायला मन धजेना. नशिबाने या मॉडेलला बैठकीचं एलिमेंट सुटं मिळतं, सेन्सरसकट. सगळ्याच गाड्यांना मिळत नाही, काही कंपन्या फोमला चिकटवूनच विकतात. ऑर्डर टाकली. यायला वेळ लागला, तोपर्यंत सीट तशीच बांधून दिली आणि गुरुजी बेळगावला रबरी पिशवीत गरम पाणी भरून गेले, घाटात थांबून चहाच्या टपरीवर ती परत भरून घ्यायचे.

एलिमेंट आल्यावर काम सरळ होतं पण एका जागी जपावं लागतं. जुनं पॅड फोमवरून सोलताना फोमचे तुकडे निघतात, तिथे खड्डा राहिला तर नवी तार खड्ड्यात लोंबते आणि तीच उद्या मोडते. कुशनवाल्याने खड्डे पातळ फोम लावून भरले आणि हात फिरवून फिरवून बघितले, मला दिसत नव्हतं ते त्याच्या बोटांना लागत होतं. नवं पॅड खोबणीतून मूळ वाटेनेच गेलं पाहिजे, रिंग मारताना रिंगेच्या तोंडात तार सापडता कामा नये. कातडं आखडलेलं होतं, परदेशात म्हणे त्यासाठी हीट गन लागते, आम्ही कव्हर अर्धा तास दारात उन्हात टाकलं आणि ते लोण्यासारखं मऊ झालं. कव्हर ओढायच्या आधी टेबलावरच मोजून घेतलं, बैठक १.१, पाठ १, आणि वेगळ्या बॅटरीवर मध्ये १० अँपिअरचा फ्यूज टाकून मिनिटभर तापवून हात फिरवला, सगळीकडे सारखं ऊबदार, कुठे ठिपका नाही. हे कव्हर चढवल्यावर करण्यात अर्थ नाही.

सीट गाडीत बसली, बोल्ट टॉर्क रेंचने, पिवळा कपलर आधी, बॅटरी सगळ्यात शेवटी. स्कॅनरने फॉल्टचे कोड पुसले, एअरबॅगचा दिवा लागून नीट विझला. मग खरी परीक्षा. मोकळी सीट तापवून मोजलं तर आकडा फसवा येतो, कारण वरून हवा लागते. माणूस बसवून ठेवायचा तर कोण बसेल अर्धा तास मार्चमध्ये एसी बंद करून. म्हणून घरून उकड्या तांदळाचं पोतं आणलं, ते सीटवर ठेवलं, पोतं आणि कातडं यांच्या मध्ये थर्मामीटरची प्रोब, एक मधोमध, एक त्या बदनाम कडेला. तांदूळ उष्णता धरून ठेवतात, म्हणजे माणसापेक्षा परीक्षा कडकच झाली. लेव्हल एकला ३५च्या आसपास थांबलं, तीनला ४१ला जाऊन मॉड्यूलने हात आखडता घेतला, आणि अर्ध्या तासात त्याच्या वर गेलं नाही. दोन प्रोबमधला फरक अंशभराच्या आत. पॅसेंजर सीटला पोतं हलवून तेच केलं, जवळपास तेच आकडे. पोराने विचारलं की आता हा भात घरी शिजवणार का, तर हो, शिजवला.

गुरुजींना देताना काही गोष्टी सांगितल्या. लेव्हल एकच वापरा, तीन विसरून जा. निघताना लावा, पंधरा-वीस मिनिटांनी बंद करा, शेक अंगात उतरलेला असतो, परत वाटलं तर परत लावा. घरी पोचल्यावर घरातल्या कोणाला तरी मांडीची मागची बाजू बघायला सांगा, लाल जाळीसारखी नक्षी दिसली तर हीटर बंद आणि डॉक्टरांना दाखवा. आणि मुळात शेक घ्यायचा की नाही, किती घ्यायचा हे तुमच्या डॉक्टरांना विचारा, मी वायरमन आहे. गुरुजींनी वही काढून हे सगळं लिहून घेतलं, शिक्षकच ते. सीटकव्हर परत चढवायला मी नकार दिला, घरून फोन आला की कातड्यावर डाग पडतील, म्हटलं डाग पुसता येतील. शेवटी तह झाला, कव्हर फक्त मागच्या बाकावर.

पहिला पाऊस होऊन गेल्यावर गाडी सर्व्हिसला आली तेव्हा सीटखालचा कार्पेट उचलून बघितला, कोरडा. एसीची नळी तरी पण साफ केली, ते आता दर सर्व्हिसला करायचं असं त्यांच्या कार्डावर लिहून ठेवलंय. कपलर उघडून बघितला, पिना चकचकीत. पॅसेंजर सीटचं मोजलं तर २.१ऐवजी २.३ झालंय आणि कड दाबली की आकडा किंचित हलतो. त्या सीटवर पण कव्हरवाल्याचा गुडघा पडलेलाच असणार. तिथलं बटण सध्या दाबू नका असं गुरुजींच्या बायकोला सांगितलंय, आणि एलिमेंटची ऑर्डर दिवाळीआधी टाकायची ठरलंय.